चित्रात मासा हवा

महदिया,
४ मार्च २००९

ती. लल्ला बेया हिस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि जंगलातला मध, दोन्ही पोचलं. मध वाटेत सांडला होता, त्यामुळे पत्र थोडं वाचलं, थोडं चाटलं. तैयबभाऊजींना सांग, पुढच्या वेळी बाटलीला बूच जरा घट्ट मारा. स्वतः बुचाच्या जंगलाचे अधिकारी ना ते!

इकडची बातमी म्हणजे वाचनालयात नव्या प्रमुख बाई आल्या आहेत. एमना नाव. वय माझ्या नोकरीहून थोडंसंच जास्त. आल्या आल्या त्यांनी आम्हा सगळ्यांना बसवून सांगितलं की आता इंटरनेटची कामं प्रत्येकाने शिकायची. दर आठवड्याला एक धडा. ब्लॉग लिहायचा, फोटो चढवायचे, आणि प्रत्येक फोटोला शब्दांच्या चिठ्ठ्या चिकटवायच्या. म्हणजे जगात कुणीही तो शब्द शोधला की आपला फोटो त्याच्यापुढे हजर. मेअखेर राजधानीहून परीक्षक येणार. जो पास होईल तो काउंटरवर, जो नापास होईल तो तळघरात, जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांत.

लल्ला, तळघरात मला कोण सलाम करणार गं, वाळवी? मी लग्न केलं नाही, मूलबाळ नाही. ते काउंटर हाच माझा संसार आहे. कुणाच्या पोरीला कसली गोष्ट आवडते, कुणाची सासू चष्मा मोडला म्हणून चिडचिडी झाली आहे, हे सगळं मला तिथेच कळतं. तिथून उठवलं तर मी वाळून जाईन. थट्टा नाही करत.

पासवर्ड नावाची भानगड मी आत्ताच तीनदा विसरले. मागच्या पानावर लिहिला आहे, तूच जपून ठेव. फोनवर तुला माझं निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू मान्य करत नाहीस, तेव्हा उत्तर पत्रानेच दे.

लोभ आहे तेवढा राहू दे, वाढवलास तर माझी काही हरकत नाही.

तुझी धाकटी बहीण,
नझीहा

तबरका,
१३ मार्च २००९

चि. नझीहा हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून हसावं की रडावं कळेना, म्हणून आधी हसून घेतलं. तुला पहिल्यांदा शिवणयंत्रावर बसवलं तेव्हा तू स्वतःची बाही उशीच्या अभ्र्याला शिवून टाकलीस आणि दुपारभर उशी घेऊन हिंडलीस. आता इंटरनेट! परीक्षक येतील तेव्हा हात खिशात ठेव म्हणजे झालं.

पासवर्ड हरिसाच्या तिखट चटणीच्या बरणीमागे ठेवला आहे. तिथे माझ्याशिवाय कुणाचा हात जात नाही. पण विसरलीस तर पत्राने मागवायला आठवडा जाईल हे तुझ्या लक्षात आलंय का? आलं नसणारच.

बाकी, तळघरात बसलेली तू मला डोळ्यांपुढे आणताच येत नाही. तान्ही होतीस तेव्हा खोलीत माणूस दिसलं नाही की घर डोक्यावर घ्यायचीस. तेव्हा मुकाट्याने शीक. बाईंशी वाद घालू नकोस. तुझे भाऊजी विचारतात, मध कसा होता? मी सांगितलं, वाचनीय होता.

लोभ पाठवते आहे, हा तरी वाटेत सांडू देऊ नकोस.

बेया

महदिया,
२० एप्रिल २००९

ती. लल्ला बेया हिस,
सा. न. वि. वि.

मोठी चूक करून बसले आहे, आणि ती सगळ्या गावाने पाहिली आहे.

चिठ्ठ्यांचा धडा आला. मी आमच्या बालवाचकांचे फोटो चढवले. वस्सीलाची सिरीन आठवते? दात पडलेली, पण अख्खं कपाट वाचून संपवलेली. तिच्या फोटोला मी हौसेने चिठ्ठ्या लावल्या: हुशार, गावात सगळ्यात पुढे, सुंदर डोळे. आणि पुढे, नजर लागू नये म्हणून म्हणतो ते तबारकल्लाह लिहायचं विसरले! तोंडाने बोलले असते तर आपोआप आलं असतं गं. बोटांना सवय नाही.

आठवडा उलटायच्या आत पोरीला गालफुगी झाली. दोन्हीकडून.

वस्सीला तडक काउंटरवर आली. म्हणाली की नझीहाबाई, माझ्या पोरीची स्तुती तुम्ही उघडीवाघडी जगाच्या वेशीवर टांगलीत. शेजारणीची नजर मी मिठाने उतरवते, पण कॅनडातल्या माणसाची कुठून उतरवू? मी तिला गालफुगीच्या साथीबद्दल सांगायला गेले. ती म्हणाली की साथ शाळेत सगळ्यांना आली, मग दोन्ही गाल सुजले ते माझ्याच पोरीचे का. पाठीमागे रांगेत उभ्या असलेल्या बायकांनी एकसाथ मान हलवली.

मग मला एक सुचलं. नजर लागू नये म्हणून दाराला, पाळण्याला, नव्या गाडीला आपण मासा लावतोच, तर फोटोला का नको? सिरीनच्या फोटोला मी तिथल्या तिथे चिठ्ठी लावली: मासा. वस्सीलाने चष्मा लावून खात्री करून घेतली आणि शांत झाली. पण बाकीच्या आया काय गप्प बसतात? संध्याकाळपर्यंत सगळ्या पोरांना मासा लागला. हात लागलाच होता, म्हणून कपाटांना आणि नव्या खुर्च्यांनाही लावून टाकला. खुर्च्या छान आहेत, तबारकल्लाह.

सिरीनच्या गालांची सूज उतरते आहे. एमनाबाईंनी हे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. अशा गोष्टींवर त्यांचा काडीचा विश्वास नाही असं त्या म्हणाल्या. माझाही नाही, हे मी त्यांना बजावून सांगितलं.

रागावलीस तरी चालेल, पण लिही.

नझीहा

महदिया,
२९ मे २००९

ती. लल्ला,
सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राची आणखी वाट न बघता लिहिते आहे, कारण जीव थाऱ्यावर नाही.

आधी गंमत सांगते. गेल्या आठवड्यात मोन्जीकाका आले, ते धक्क्यावरचे कोळी. त्यांची होडी वाचनालयासमोर बांधलेली असते, पण आजवर आमच्या उंबऱ्याला पाय लागला नव्हता. आल्या आल्या भांडायलाच लागले. म्हणे, मुलाने इंटरनेटवर महदियाचा मासा शोधायला घेतला, बाजारभाव बघायला. तर यंत्राने मला वस्सीलाची पोरगी दाखवली, मग पोरांची रांग, मग एक खुर्ची! मासा कुठाय? मी त्यांना बसवलं, पुदिन्याचा चहा दिला, जाळ्यांच्या गाठींचं एक चित्रांचं पुस्तक पुढे सरकवलं. चहा गार झाला तरी उठेनात. दुसऱ्या दिवशी आणखी कोळी घेऊन आले. सगळ्यांनी नावं नोंदवली. वाचनालयात आता तारलीचा वास येतो आणि पुस्तकं बाहेर जातात.

आणि काल परीक्षक आले. सभ्य गृहस्थ, हळू बोलणारे. ब्लॉग आवडला, फोटो आवडले. पण चिठ्ठ्या पाहून थबकले. म्हणाले की चिठ्ठीत तेच हवं जे चित्रात आहे. मासा शोधणाऱ्याला मूल दाखवणं ही त्याची दिशाभूल आहे. पंधरा जूनपर्यंत चिठ्ठ्या चित्राशी जुळल्या तर पास, नाहीतर नापास. नापास म्हणजे काय ते तुला माहीत आहे. एमनाबाई म्हणाल्या, चिठ्ठ्या काढून टाका, चुटकीसरशी होईल.

बसले काढायला. कपाटांचा मासा काढला. खुर्च्यांचा काढला. सिरीनच्या फोटोपाशी आले आणि हात अडला. माझा विश्वास नाही गं. पण प्रयोग तिच्या गालावर कशाला करायचा? आणि वस्सीलाला मी शब्द दिला आहे.

काउंटर जातं की काय गं? काहीतरी सुचव.

नझीहा

तबरका,
४ जून २००९

चि. नझीहा,
आशीर्वाद.

तू शिकलीस खूप, पण शहाणी झाली नाहीस. परीक्षक काय म्हणाले ते तूच लिहिलं आहेस, एकदा नीट वाच. चिठ्ठी चुकली असं म्हण किंवा चित्र चुकलं असं म्हण. समुद्राकाठी बसून मासा मिळेना म्हणून रडतेस? आणि ते मोन्जीकाका फुकटचा चहा पिऊन जातात ते कशासाठी?

शब्द मोडू नकोस. आणि तळघरातही जाऊ नकोस, मला तिथला पत्ता घालायचा नाही.

रागावले वगैरे काही नाही, काळजीत आहे. लवकर कळव.

बेया

महदिया,
१७ जून २००९

ती. लल्ला बेया हिस,
सा. न. वि. वि.

तुझे हात कुठे आहेत? चुंबायचे आहेत.

मोन्जीकाकांना सांगताच त्यांनी छातीवर हात ठेवून होकार दिला आणि रविवारी सकाळी ताज्या मासळीची पेटी वाचनालयाच्या अंगणात आणून ठेवली. झाडून सगळी पोरं आली. प्रत्येकाच्या एका हातात पुस्तक, दुसऱ्या हातात मासा. कुणाला तारली, कुणाला बोय. सिरीनच्या हातातला बोय इतका दांडगा होता की वस्सीलाने शेपटी खालून धरली. धाकट्यांनी मासे पुस्तकात खूण म्हणून ठेवून पाहिले, ते मी वेळीच बंद पाडलं. मांजरं किती आली ते विचारू नकोस. शेवटी मासळी भाजली, हरिसा आणि भाकरी वस्सीलाने आणली, आणि ज्या बायका माझ्यावर माना हलवत होत्या त्यांनीच काटे काढून मला भरवलं.

एमनाबाई मात्र अंगणात आल्या, पेटीकडे पाहिलं, तोंडाला रुमाल लावला आणि धावतच आत गेल्या. दिवसभर बाहेर आल्या नाहीत. मला वाटलं, झालं, आता तळघर.

मी नवे फोटो चढवले, चिठ्ठ्या तशाच ठेवल्या. काल राजधानीहून निरोप आला. एकच ओळ: चिठ्ठ्या चित्राशी जुळतात, उत्तीर्ण. लल्ला, मी काउंटरवर डोकं टेकवून रडले. मोन्जीकाकांना वाटलं नापास झाले, ते थेट भांडायला निघाले होते, त्यांना दारातून परत आणलं.

आज दुपारी गर्दी ओसरल्यावर एमनाबाई काउंटरपाशी आल्या. उगाच शाईचे शिक्के इकडचे तिकडे केले. मग खाली बघत म्हणाल्या की ब्लॉगवर त्यांचाही एक फोटो आहे, त्याला एक चिठ्ठी लावाल का. मी विचारलं कसली. म्हणाल्या, मासा. मी म्हटलं, तुम्हाला? तर कानात सांगितलं की दिवस गेले आहेत, अजून घरीसुद्धा सांगितलेलं नाही, आधी दोनदा दिवस राहिले, पण टिकलं नाही. विश्वास नाहीच म्हणाल्या. तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. माझेही भरले. तू हे कुणाला बोलू नकोस, भाऊजींनाही नाही.

मी म्हटलं, बाई, उद्याच मोन्जीकाकांकडून एक छोटीशी तारली आणते, हातात धरा, फोटो घेऊ. त्यांनी नुसत्या नावानेच रुमाल काढला. तेव्हा मासा नसलेल्या फोटोलाच चिठ्ठी लावली. लावताना मी विचारलं की परीक्षकांनी पुन्हा पाहिलं तर? तर म्हणाल्या, मग तळघरात आपण दोघी जाऊ.

लोभ सगळा मला नको, यावेळी निम्मा त्यांच्यासाठी पाठव.

तुझी,
नझीहा