सुट्या वस्तूंची पिशवी समक्ष उघडून मिळण्याबाबत

प्रति,
मा. सचिव,
हौशी मोटार शर्यत मंडळ,
नोंदणी व सुरक्षा कक्ष.

विषय : गाडी क्रमांक सव्वीसची, मंडळाच्या ताब्यात असलेली सुट्या वस्तूंची पिशवी अर्जदारासमक्ष उघडून मिळण्याबाबत.

संदर्भ : १) "चालकाने समक्ष हजर राहावे" हे आपले पत्र. २) "चालकाचे ना हरकत पत्र जोडावे" हे आपले दुसरे पत्र. ३) अर्जदाराचा मागील अर्ज, ज्याची पोच मिळाली, उत्तर मिळाले नाही.

महोदय,

अर्जदार ही गाडी क्रमांक सव्वीसच्या मयत चालकाची मुलगी आहे. आपल्या कक्षाने सांगितल्याप्रमाणे या अर्जात "मी" न लिहिता "अर्जदार" असे लिहिले आहे आणि सर्व हकीकत पहिल्यापासून एकाच अर्जात दिली आहे.

१. घटनेच्या आदल्या दिवशी, शनिवारी, काहीही घडले नाही. मयत चालक (यापुढे "आई") घराखालच्या मोकळ्या जागेत गाडी तयार करत होती आणि अर्जदार पायरीवर पुस्तक घेऊन बसली होती. गाडी रोजच्या वापरातली, मागच्या दाराला ओरखडा असलेली. आईने टायरच्या कडांवर खडूने रेघा ओढल्या. वळणावर टायर किती कलतो ते रेघ कुठवर पुसली जाते त्यावरून कळते आणि त्यावर हवा कमी-जास्त करायची, हे ती नुकतेच शिकली होती. मग दारावर कागदी चिकटपट्टीने सव्वीस हा आकडा काढला. अर्जदार म्हणाली, "आई, सहा वाकडा झालाय." आई म्हणाली, "होऊ दे. तो वाकडा का होईना, उद्या धावणार आहे. तू सरळ आहेस, पण पायरी काही सोडत नाहीस." नंतर दोघी जेवल्या. आईने भांडी आपटत घासली, अर्जदाराने पुसली. असे दिवस पुष्कळ होते. तो शेवटचा आहे असे त्याच्या तोंडावर लिहिलेले नव्हते.

२. आई मोठ्या रुग्णालयात मुख्य परिचारिका होती. वॉर्डात तिला पाठीमागे "चाबूक" म्हणत आणि ते कानावर आले की ती खूश होई. तिच्या धाकाने रोगी लवकर बरे होतात, असे डॉक्टरही म्हणत. निवृत्तीनंतर वॉर्ड गेला आणि चाबूक घरी आला. घरात अर्जदार एकटीच होती, त्यामुळे वाटणी करायला कोणी नव्हते. अर्जदार ग्रंथपाल आहे. "पुस्तकांची राखण करतेस, म्हणजे जी कुठे पळून जात नाहीत त्यांची," असे आई पाहुण्यांसमोर म्हणे, आणि पाहुणे हसत.

३. शर्यतीचे वेड तिला अपघातानेच लागले. बाजारामागच्या गाड्या लावायच्या डांबरी मैदानात एका रविवारी ती गाडी लावायला गेली, तर तिथे नारिंगी कोन मांडलेले. एकेक गाडी त्यांच्यामधून नागमोडी पळत होती आणि एक गृहस्थ घड्याळ घेऊन उभे होते. फलकावर लिहिले होते, "रोजची कोणतीही गाडी चालेल." आईने मंडळाच्या तपासनीसांना विचारले, "ही चालेल का?" त्यांनी टायरला पायाने ठोकून विचारले, "काकू, पण ही चालते का?" आई म्हणाली, "तुमच्या पोटापेक्षा हलकी आहे." त्याच दिवशी तिचे नाव नोंदवले गेले.

४. पुढचे सर्व तिने वॉर्ड चालवावा तसे केले. शर्यतीआधी मार्ग पायी चालून पाठ करायचा, ब्रेक वळणाआधी मारायचा, वळणात नाही, नजर जवळच्या कोनावर नाही, त्याच्या पुढच्यावर ठेवायची. हे शेवटचे तिला सर्वांत आवडले, कारण त्यात अर्जदाराला बोलायची सोय होती. "तू जन्मभर नाकासमोरच्या कोनाकडे बघत राहिलीस. म्हणून नोकरीला आपटलीस, लग्नाला आपटलीस." पहिल्या शर्यतीत तिने स्वतः एवढे कोन पाडले, की भोंग्यावरचे निवेदक दमले. मंडळाच्या नियमाप्रमाणे प्रत्येक चालकाने वळणावर उभे राहून इतरांनी पाडलेले कोन उचलायची पाळी करावी लागते. आईचे गुडघे धावण्याचे नव्हते, म्हणून बदली म्हणून अर्जदाराची नोंद झाली. तेव्हापासून आई कोन पाडत होती आणि अर्जदार उचलत होती. आईच्या मते घरातही तेच चालले होते, फक्त उलटे.

५. आईला हृदयाचा त्रास सुरू झालेला होता. तो ती कोणा परक्याने केलेल्या आगाऊपणासारखा सोसत होती. छातीत कळ आली की जिभेखाली ठेवायच्या गोळ्या एका तपकिरी बाटलीत असत आणि बाटली गाडीत हाताशी असे. रविवारी सकाळी तपासणीच्या रांगेत आपल्या तपासनीसांनी नियमाप्रमाणे गाडीतल्या सर्व सुट्या वस्तू काढायला सांगितल्या. पायपुसणी, छत्री, चष्म्याची पेटी, पाण्याची बाटली पिशवीत गेली. मग त्यांनी गोळ्यांची बाटली उचलली. अर्जदार शेजारीच उभी होती. झालेले बोलणे असे :

"ही पण सुटी वस्तू, काकू."

"अहो, औषध आहे ते."

"मग खिशात ठेवा."

"बायकांच्या कपड्यांना खिसा शिवतं कोण? तुम्ही शिवता?"

"वळणावर साधं पेन उडून डोळ्यात गेलेलं पाहिलंय मी. नियम म्हणजे नियम."

"टाका बाबा पिशवीत. मी मरेन, पण तुमचा नियम जगू दे."

ते दोघेही हसले. पिशवीला गाठ बसली, गाठीवर मंडळाची पट्टी लागली आणि सव्वीस क्रमांकाचे टोकन आईच्या मनगटाला बांधले गेले.

६. पहिली फेरी आईने एकही कोन न पाडता पूर्ण केली. तिसऱ्या वळणावर अर्जदार झेंडा घेऊन उभी होती. तिच्यासमोरून गाडी गेली तेव्हा आई तिच्याकडे न बघता पुढच्या कोनाकडे बघत होती. दुसऱ्या फेरीला गाडी सुरुवातीच्या रेषेवर आली, निघायची खूण झाली, आणि गाडी हलली नाही. मागच्या गाडीने हॉर्न वाजवला. मग तिच्या मागच्याने वाजवला. भोंग्यावरून निवेदक म्हणाले, "सव्वीस नंबर! काकू, निघताय की मुहूर्त काढायचा?" मैदानभर हशा पिकला. कोणीतरी बॉनेटवर थाप मारली. आई हॉर्न ऐकून गप्प बसणारी नव्हती. तिने खिडकीबाहेर डोके काढून कोणाचे वाडवडील काढले नाहीत, तेव्हाच अर्जदाराला कळले. तिने शर्यत थांबवायचा लाल झेंडा वर केला आणि ती धावली.

७. ती आधी गाडीकडे न जाता पिशव्यांच्या ताडपत्रीकडे धावली. तिथे तपासनीस होते. अर्जदाराने पिशवी मागितली. त्यांनी टोकन मागितले. अर्जदार म्हणाली, "गोळी पाहिजे, आईची गोळी." ते म्हणाले, "ताई, फेऱ्या चालू असताना पिशवी सोडता येत नाही. टोकन आणा, लगेच देतो." ते वाईट बोलले नाहीत, समजावून सांगितले. अर्जदार गाडीकडे धावली. आई पट्ट्यात नीट बसलेली होती, एक हात गिअरवर होता. टोकन दुसऱ्या हाताला होते. त्याची गाठ परिचारिकेने मारावी तशी पक्की होती. अर्जदाराला ती दातांनी सोडवावी लागली. सोडवून झाली तेव्हा पिशवीची घाई उरली नव्हती. मागे अजून एक हॉर्न वाजत होता.

८. त्यानंतर मंडळाकडून जे कळवण्यात आले ते असे. चालकाखेरीज कोणालाही पिशवी देता येत नाही, सबब चालकाने समक्ष यावे. मृत्यूचा दाखला जोडल्यावर, दाखल्याबद्दल आभार मानून, चालकाचे ना हरकत पत्र मागवण्यात आले. ते देता येत नाही असे कळवल्यावर सांगण्यात आले, की बदली कामगाराने, म्हणजे अर्जदाराने, मार्गावर गाडी नसताना लाल झेंडा दाखवून जागा सोडली. त्यामुळे चालकाची कोन उचलायची पाळी अपुरी राहिली, आणि पाळी अपुरी असेपर्यंत पिशवी सुटत नाही. अर्जदार उरलेली पाळी करायला तयार आहे. परंतु जागा सोडल्याबद्दल तिला मैदानात येण्यास हंगामभर मनाई आहे, आणि हंगाम संपताच न नेलेल्या पिशव्या जाळून टाकल्या जातात. पाळी अपुरी म्हणून आईची पहिली फेरीही रद्द झाली आहे. दुसऱ्या फेरीपुढे "चालकाने सुरुवात केली नाही" असा शेरा आहे. मंडळाच्या पत्रकात यंदा एकही अपघात न झाल्याबद्दल सर्वांचे, विशेषतः तपासनीसांचे, अभिनंदन आहे. उभ्या गाडीतला मृत्यू शर्यतीत धरत नाहीत, असा खुलासा आपण तोंडी केलात.

९. पिशवीत औषध नव्हते असे मंडळाचे म्हणणे आहे. पिशवी उघडलेली नाही, पट्टी शाबूत आहे, असेही मंडळाचेच म्हणणे आहे. न उघडता आतले दिसले कसे, हे अर्जदार विचारत नाही. मंडळाच्या पुस्तिकेत सुट्या वस्तूंच्या नियमाखालीच बारीक अक्षरात छापले आहे, की चालकाचे तातडीचे औषध काढून घेऊ नये, ते त्याच्या अंगावर राहील अशी व्यवस्था तपासनीसाने करावी. अर्जदाराने ते नंतर वाचले. बाटली निघाली तर तपासनीस अडचणीत येतील, हे ती समजू शकते. त्यांना शिक्षा व्हावी असे तिचे म्हणणे नाही.

तिची अडचण वेगळी आहे. आईचे भाऊ, म्हणजे अर्जदाराचे मामा, भेटायला आलेल्या प्रत्येकाला सांगतात, "पोरीने आईला शर्यतीत बसवलं आणि गोळ्या घरी विसरली. विसरली की मुद्दाम ठेवल्या, देव जाणे. ताईची जीभ होतीच तशी." अर्जदार चहाचा ट्रे घेऊन दारात उभी असली तरी ते थांबत नाहीत. पाहुणे तिच्या हातचा कप घेतात आणि कपात बघत पितात. बाटली पिशवीत आहे एवढे मामांसमोर दिसले, की अर्जदाराचे काम झाले. म्हणून पिशवी मामांना बोलावून, पंचांसमक्ष, पाहिजे तर काचेपलीकडून उघडावी. बाटली मंडळाने ठेवून घेतली तरी चालेल. मनगटावरून काढलेले टोकन सोबत जोडले आहे.

१०. वरील नऊ परिच्छेदांचा अर्ज घेऊन अर्जदार काल आपल्या खिडकीशी आली होती. खिडकीतल्या बाईंनी पाने चाळली आणि त्या म्हणाल्या, "एवढं कोण वाचणार, ताई? समजा निघाली बाटली. मामांचं तोंड बंद झालं. पुढे काय? तुम्हाला नक्की हवंय काय?" याचे उत्तर अर्जात नव्हते. अर्जदाराने पाने उलटून पाहिली, तरी नव्हते. मागे हेल्मेट काखेत धरलेले गृहस्थ उभे होते. ते म्हणाले, "आवरा हो बाई, नोंदणी बंद होईल आमची." तेव्हा अर्जदार मोठ्याने बोलली. कक्षात हजर असलेल्या सर्वांनी ते ऐकले. बाई म्हणाल्या, "तोंडी चालत नाही, लेखी द्या." त्याप्रमाणे, जसे बोलले गेले तसेच, लेखी देत आहे :

"माझी आई मला फार लागेल असं बोलायची. सगळ्यांना वाटतं, मी सुटले. मला ती आवडायची हो. आई म्हणून नाही, ते तर सगळ्यांनाच करावं लागतं. माणूस म्हणून आवडायची. तिच्यासारखी दुसरी मला कुणी भेटली नाही. आता घरात मला कोणी काही बोलत नाही."

आपल्या खिडकीशी पुन्हा येणारी,

(सही)
चालक, गाडी क्रमांक सव्वीस, यांची मुलगी

दिनांक : पोचेच्या शिक्क्याप्रमाणे