सगळ्यांचं लॉगिन एकच

सोमवार, ३ जून
महिनाअखेर विभागप्रमुखाची जागा रिकामी होतेय. उमेदवार दोन. मी आणि चष्मेवाली. ती कालची पोर. चिंता नाही. तरी काहीतरी करून दाखवावं म्हणतो. ऑफिसात हजेरीचं अ‍ॅप वेगळं, रजेचं वेगळं. दोन्ही एकाच सर्व्हरवर, पण भांडलेल्या जावांसारखी एकमेकींशी बोलत नाहीत. मी बोलती करणार. एकदा लॉगिन केलं की दोन्हीकडे ओळख पटली पाहिजे. हा अहंकार तर नाही? स्वतःला विचारलं. नाही.

मंगळवार, ४ जून
सर्व्हरची सेटिंगची फाइल उघडली. पूर्ण वाचायचं ठरवलं होतं. पहिल्या पानातच मर्म कळलं, मग कशाला?
चष्मेवाली विचारत होती की सर, प्रत्येकाची माहिती वेगळी ठेवताय ना? मी म्हणालो, सगळ्यांची जागा एकच ठेवली की पसारा कमी. तिने वहीत टिपून घेतलं. शिकतेय बिचारी.

शुक्रवार, ७ जून
झालं! लॉगिन केलं. हजेरीत मी, रजेत मी. पुनःपुन्हा केलं. दर वेळी मीच.
चष्मेवाली म्हणे, दुसऱ्या कुणाला तरी बसवून बघा. मत्सर, दुसरं काय! शिवाय कर्मचाऱ्यांना गिनीपिग करणं नीतीला धरून आहे का? विचार केला. नाही. सोडून दिलं.
मेहुण्याला फोन करून प्रमुखपदाचं आगाऊ सांगून टाकलं.

सोमवार, १० जून
सकाळी. अ‍ॅप सुरू. पहिलं लॉगिन माझं.
थोड्या वेळाने. हिशेबनीस आले. म्हणे, आम्हाला पासवर्ड न विचारताच आत घेतलं, आणि वर तुमचं नाव दिसतंय. लोकांना साधी स्क्रीन वाचता येत नाही.
टेलिफोनवाल्या बाईही मीच. शिपाईही मीच.
चष्मेवालीने न विचारता समजावलं. आत कोण आलंय हे मी सगळ्यांच्या सामायिक जागेत लिहिलंय, म्हणून जो येतो तो मीच ठरतो. घरात टॉवेल एकच ठेवल्यासारखं झालंय, म्हणे. उपमाही घरगुती.
दुपारी. ऑफिसभर खिदळणं. मंडळी माझ्या नावाने रजा टाकतायत. रजा मंजूर करण्याचा अधिकारही माझाच, त्यामुळे मंजूरही तेच करतायत. शिपायाने मला डिसेंबरपर्यंत सुट्टी दिली. ही माणसांची लायकी!

मंगळवार, ११ जून
साहेबांनी बोलावलं. म्हणाले, काल अख्ख्या ऑफिसात तुम्हीच होतात, आणि काम शून्य. तुम्ही प्रमुख झालात तर काय होईल, याची मला कल्पना आली.
यात विनोद काय होता? त्यांचा सेक्रेटरी खोकल्याचं नाटक करत बाहेर पळाला.
चष्मेवालीने जेवणाच्या सुट्टीआधी सगळं नीट केलं. फाइल शेवटपर्यंत वाचून. घोकंपट्टी.

शुक्रवार, २८ जून
चष्मेवाली विभागप्रमुख. सगळ्यांसमोर म्हणाली की सरांकडून खूप शिकायला मिळालं. टाळ्या जरा जास्तच वाजल्या. मोठ्या मनाने स्वीकारल्या.
घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, हातपाय धुवा, जेवायला बसा.
तेवढ्यात मेहुण्याचा फोन. काय जावईबापू, प्रमुख झालात, पार्टी कधी? मी थँक्यू म्हणालो. हे खोटं झालं का? प्रमुख कोण झालं, हे त्याने विचारलंच नव्हतं. असा विचार चालू असताना बायकोने फोन हातातून काढून घेतला, भावाला म्हणाली, दादा, राँग नंबर, आणि ठेवून दिला.