ग्लायडरच्या नाकाला गंध लावण्यास हरकत

प्रति,
मा. प्राचार्य,
दक्षिण करवीर तंत्रविद्यालय,
कोल्हापूर.

अर्जदार : माधव नृसिंह हेर्लेकर, अधिव्याख्याता, विमानविद्या विभाग, राहणार शिवाजी पेठ.

विषय : येत्या खंडेनवमीस ग्लायडरच्या हवेच्या नळीला गंधाक्षता लावण्यास मनाई होणेबाबत, तसेच अर्जदारावरील ठपका रद्द होणेबाबत.

संदर्भ : अर्जदाराचे यापूर्वीचे अर्ज. थेट दिले ते ‘विभागप्रमुखांमार्फत यावे’ असा शेरा मारून परत आले. विभागप्रमुखांमार्फत दिले ते परतसुद्धा आले नाहीत.

महोदय,

१. उपरोक्त अर्जदार सविनय कळवितो की, हा अर्ज त्याने मुद्दाम थेट आपल्या हाती दिला आहे. ज्यांच्याविरुद्ध गाऱ्हाणे, त्यांच्याच हातात ते ठेवून ‘जरा पुढे पाठवा’ म्हणण्याइतका तो आता भोळा राहिलेला नाही. विभागप्रमुख प्रा. अनंतराव किणीकर यांना याचा राग येईल. खुशाल येऊ द्यावा.

२. विमानविद्या विभागाची कीर्ती आपण दर स्नेहसंमेलनात गाताच. साखर कारखान्याच्या भंगारातला पंखा आणून त्याचा, विमानाच्या प्रतिकृती वाऱ्यात तपासण्याचा, वाऱ्याचा बोगदा केला, मुंबईहून मॉडेल विमानांच्या स्पर्धेची ढाल आणली, पेठेतल्या तालमीच्या संघाला फुटबॉलमध्ये बरोबरीत रोखले, आणि शनिवारी विभागप्रमुखांपासून सुतारांपर्यंत सगळे एका किटलीतला चहा पितात. हे सर्व खरे आहे. अर्जदारही याच गोष्टी पाहुण्यांना छाती फुगवून सांगत असे. हल्ली सांगत नाही.

३. खंडेनवमीला विभागात सर्व यंत्रांची पूजा होते. अर्जदाराची त्यास हरकत नाही. तो नास्तिक नसून घरी तोही पुस्तकांना हळदकुंकू वाहतो. गतवर्षी विभागाने स्वतः बांधलेले ग्लायडर तयार होते व दसऱ्याच्या मुहूर्तावर अर्जदाराने ते उडवायचे ठरले होते. आदल्या दिवशी पूजेला त्यास आत बसवून झाडलोट करणाऱ्या बनाबाईंनी ओवाळले. मग एकेकाने मानाप्रमाणे यंत्राच्या नाकाला गंध लावले. आधी विभागप्रमुख, मागून अधिव्याख्याते, मग सुतार, शेवटी झाडून सारे विद्यार्थी. त्या नाकावर बोटाएवढी एक नळी पुढे आलेली असते. समोरची हवा तीत शिरते व तिच्या जोरावर वैमानिकापुढील काटा वेग दाखवितो. टिळा लावायला याहून सोयीची जागा एकालाही दिसली नाही. सकाळपर्यंत आत गंध आणि तांदूळ दगडासारखे वाळले.

४. दसऱ्याला मोटारीने दोर ओढला, ग्लायडर माळावरून वर गेले, टाळ्या पडल्या. काटा मात्र शून्यावरच. ‘वाऱ्याच्या आवाजावरून कानाला काय वाटते ते विसरा, काटा सांगेल तेच खरे’ हे विभागप्रमुखांनी वर्गात आमच्याकडून घोकून घेतलेले आहे. अर्जदाराने गुरूचे ऐकले. वेग संपला असे समजून, तो यावा म्हणून त्याने नाक खाली दाबले व ग्लायडर केरबा नावाच्या शेतकऱ्याच्या उसात घुसले. अर्जदाराचे खांद्याचे हाड मोडले. केरबा धावत आले ते म्हणतच, “पावणं, उसात उतरायचं तर आधी सांगायचं की!” मग नळीकडे बघून म्हणाले, “आन् ह्या नळकांड्यात तांदूळ कुणी कोंबल्यात?” तोवर विभागप्रमुख पोचले. त्यांनी प्रथम काडी घालून नळी साफ केली, ती रुमालाने पुसली आणि मगच अर्जदाराकडे पाहिले. हे अर्जदार जन्मात विसरणार नाही.

५. पुढे चौकशी झाली. चौकशी करणारे विभागप्रमुख. ‘वैमानिकाच्या उतावळेपणामुळे अपघात’ असे म्हणून त्यांनी सगळे खापर अर्जदाराच्या माथी फोडले व त्यास उड्डाणास बंदी केली. वार्षिक अहवालात मात्र तेच उड्डाण ‘विभागाचे पहिले यशस्वी उड्डाण’ म्हणून छापले, वर विभागप्रमुखांचा हार घातलेला फोटो. जाब विचारता उत्तर मिळाले, “वर गेलात ते आमच्या गणितानं, हेर्लेकर. खाली आलात ते तुमच्या हातानं.” अर्जदार इस्पितळात कण्हत असताना विभागात पेढे वाटले गेले. आपणही एक घेतलात असे समजते.

६. साक्षीला कोणी उभे राहील म्हणावे, तर तेही नाही. विभागातील सुतार ज्ञानू खाजगीत म्हणाला, “खरं हाय सायेब, म्या बी लावलंतं गंध. पर देवाच्या गंधानं इमान पडलं, हे कुठल्या तोंडानं सांगू? मला न्हाय जमायचं.” ज्ञानू निदान एवढे तरी बोलला. शिकलेले सहकारी ताकास तूर लागू देत नाहीत. शनिवारी अर्जदार चहाला गेला की किटलीभोवतीचे बोलणे बंद पडते, व कोणाला तरी एकदम वर्गाची आठवण होते.

७. आता ग्लायडर दुरुस्त झाले आहे. येत्या खंडेनवमीस पुन्हा तशीच पूजा असून दसऱ्याला मुरगूडचा विद्यार्थी शिवानंद ते उडविणार आहे. अर्जदाराने सर्व अपमान गिळून विभागप्रमुखांना विनंती केली की, पूजेपुरती नळीला फडक्याची पिशवी बांधा, नाहीतर निदान सकाळी काडी घालून पाहा. ते म्हणाले, “तसं केलं तर गेल्या वर्षी गंधानंच पडलं, हे आम्ही कबूल केल्यासारखं होईल.” म्हणजे स्वतःचा निकाल खरा ठरावा म्हणून हे लोक एका पोराला बुजलेल्या नळीनिशी वर सोडणार! अर्जदाराने शिवानंदला बाजूला घेऊन बजावले की, काटा हलला नाही तर कानाचे ऐक. तो म्हणाला, “पर मोठ्या सरांनी काटाच खरा म्हटलंय की, सर.” अर्जदारास त्या दिवसापासून अन्न गोड लागत नाही.

८. सबब, अर्जदार विषयातील दुसरी मागणी मागे घेत आहे. ठपका राहू द्यावा. हवे असल्यास ‘अपघात माझ्याच उतावळेपणाने झाला, गंधाचा काही संबंध नाही’ असे तो सहीनिशी लिहून देतो, अहवालात ठळक छापावे. मग तरी नळीला पिशवी बांधण्यात कोणाची अब्रू जाण्याचे कारण उरणार नाही. हे लिहिताना अर्जदाराचा संताप तिळमात्र कमी झालेला नाही, याचीही नोंद घ्यावी.

९. एवढे करूनही हुकूम न निघाल्यास, खंडेनवमीला अर्जदार ग्लायडरच्या पुढे नळीच्या तोंडावर पंजा दाबून उभा राहील. विभागप्रमुखांपासून शेवटच्या विद्यार्थ्यापर्यंत ज्याला गंध लावायचे असेल, त्याने ते अर्जदाराच्या हाताला लावावे.

आजवर आपला नम्र राहिलेला,
माधव नृसिंह हेर्लेकर

कोल्हापूर,
दि. २३ सप्टेंबर १९५७