उलटं शिवलेलं तिसरं प्रकरण आणि माझी इतर मालमत्ता

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, धंदा पुस्तकबांधणीचा, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाशिवाय (दडपण आणायचं काम घरात माझंच) माझी शेवटची इच्छा लिहून ठेवते. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. धमक्या पुष्कळ दिल्या आहेत.

१. दुकान आणि कटिंग मशीन माझ्या कारागिराला द्यावं. वीस वर्षं त्याने माझी बोलणी खाल्ली. सरसाच्या डब्याला झाकण लावायला मात्र त्याने आता तरी शिकावं.

२. राहती खोली भाड्याची आहे. ती घरमालकाला त्याचीच परत.

३. माझे धाकटे बंधू प्राध्यापक आहेत. त्यांना त्यांच्याच प्रबंधाची माझ्याकडची प्रत द्यावी. घरात एकालाच शिकवणं शक्य होतं. "ताई, माझं झालं की तुझं," असं ते म्हणाले होते. त्यांचं झालं. माझा एम.ए.चा कोरा अर्ज मी कुठल्याशा पुठ्ठ्यात चिकटवून टाकला. त्यांचा प्रबंध मीच बांधला, आणि रागाने नव्हे, घाईत, सगळ्या प्रतींत तिसरं प्रकरण उलटं शिवलं गेलं. कळलं तेव्हा प्रती परीक्षकांकडे पोचल्या होत्या. महिनाभर मी रोज पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून बसले. पदवी मिळाली. एकतीस वर्षांत कुणाची तक्रार नाही, बंधूंचीही नाही. त्यांनी तो एकदा उघडून पाहावा.

४. हेच बंधू स्वतःच्या मुलीला म्हणतात, "चांगली नोकरी सोडून दोन वर्षं शिकत बसणार? खुळी आहेस का?" ही माझी भाची प्रयोगशाळेत रक्त तपासते आणि एम.एस्सी.च्या प्रवेशाचं पत्र पर्समध्ये घेऊन हिंडते. फी शनिवारपर्यंत भरायची आहे. मी देते म्हटलं, तर म्हणाली, "आत्या, तुझ्या म्हातारपणाच्या पैशाला मी हात लावणार नाही. तुझ्या माघारी जे ठेवशील ते घेईन." शनिवारपर्यंत मरणं मला जमण्यासारखं नाही, डॉक्टर म्हणतात, ठणठणीत आहे. तरी तिच्या शब्दाखातर बँकेतली शिल्लक मी तिच्या नावे ठेवते.

५. वकीलबाई सांगतात, मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही करणाऱ्याला त्यातून काहीही मिळत नाही. म्हणून दुसरी साक्षीदार मी भाचीलाच केलं आहे. ती न वाचता सही करते. बापावर गेली आहे. तेव्हा माझ्या माघारी तिला छदामही नाही. घ्यायचं तर आत्ताच. चेक या पानामागे टाचला आहे. मला शिकायचं होतं, फार होतं. आता तिचा प्रबंध बांधायचा आहे, पान न् पान सुलटं बघून. तोवर हे मृत्युपत्र कुणीही अमलात आणू नये.

ठिकाण: दुकानातलं शिवणीचं टेबल
तारीख: फीच्या मुदतीआधीचा गुरुवार
सही: लिहून ठेवणारी

साक्षीदार पहिला, शेजारचा चावीवाला: वाचून, हसू आवरून सही केली.

साक्षीदार दुसरी, भाची: आधी सही केली, मग वाचलं. चेक घेतला. शनिवारी येताना एम.ए.चा नवा अर्ज आणते. त्यावर आत्याने न वाचता सही करावी.