तिन्हीसांजेचे उघडे दार

१२ जुलै २००७

मी श्रीकांत दामले, वाणिज्य पदवीधर, आज पाहिलेले जसेच्या तसे नोंदवतो. अजून विश्वास बसत नाही. इकडे दक्षिण गोलार्धात जुलै म्हणजे ऐन हिवाळा. घरातली ऊब टिकावी म्हणून माळ्यावर इन्सुलेशन अंथरले, दाराच्या फटीला स्वतः पट्टी चिकटवली. तरी हीटरचा खर्च का उतरत नव्हता? आज ऑफिसातून लवकर परतलो. दार सताड उघडे, आत हीटर चालू आणि उंबऱ्याशी शाल पांघरून आई.

"आई, अगं दार..."

"तिन्हीसांजेला लावत नाहीत. लक्ष्मी येते."

"मग निदान हीटर तरी बंद कर."

"आणि तिला गारठ्यात बसवू?"

म्हणजे संपूर्ण हिवाळा, रोज? मग ती पट्टी मी कशासाठी...

आईचे पाय हाताला बर्फासारखे लागले. उद्यापासून तेवढा वेळ हीटर उंबऱ्याशीच ठेवणार आहे.

श्रीकांत दामले
जॉन्सनव्हिल