यांच्या आवाजातली खरखर

१८ ऑगस्ट, सोमवार

दहा लाख! सकाळी कल्याणीचा फोन – आजी, दहा लाख लोकांनी आजोबांचं गाणं ऐकलं. आठ दिवसांत! दहा लाखावर शून्यं किती ते मला आठवेना, कॅलेंडरच्या मागं लिहून बघितली. हे म्हणाले, "आपल्या मांजरी गावातली माणसं अन् म्हशी दोन्ही धरल्या तरी एवढं होत नाही." पण खुशीत आहेत. दाढी दोनदा केली.

८६ साली यांची कॅसेट आली होती, 'हिरवा स्वेटर'. शब्द यांचे, चाल यांची, गिटारही यांचीच. खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यातून सुटले की सायकलवर तालमीला. वर्षभर रिक्षारिक्षात वाजत होती. दुसरी काढली ती कुणी घेतली नाही. गिटार माळ्यावर गेली ती गेलीच. अडतीस वर्षं! मी एकदा विषय काढला तर दोन दिवस जेवले नाहीत.

आणि आता चौऱ्याहत्तराव्या वर्षी नातीनं गायला लावलं. कल्याणी, आमच्या केदारची मुलगी, आवाजाचंच शिकली आहे. मार्च महिनाभर निजायच्या खोलीत माझ्या गोधड्या भिंतींवर टांगल्या होत्या, आवाज घुमू नये म्हणून. मला ताकीद – कुकर लावायचा नाही, शिट्टी गाण्यात येते. महिनाभर भात पातेल्यात केला. सहा गाणी झाली. अल्बमचं नाव 'दुसरा चहा'. सगळ्यांच्या तोंडी तेच – पहिला कडू झाला तरी, दुसरा चहा टाक!

यांचा आवाज तेव्हाच जरा बसला होता. मी ज्येष्ठमध उगाळून दिलं तर कल्याणीनं हात धरला. "आजी, काही देऊ नकोस गं. ही खरखरच भारी आहे!"

मी आपलं खोकल्यावर औषध देत होते, आणि जग त्यालाच गाणं म्हणतंय!

२३ ऑगस्ट, शनिवार

कल्याणी बेंगळुरूला नोकरीवर हजर व्हायच्या आधी यांना ओढतच घशाच्या डॉक्टर बाईंकडे घेऊन गेली. पाच महिने आवाज बसलेला, आता तरी दाखवा म्हणून. मीही गेले. बाई तरुण आहेत, बोलायला गोड. नाकातून नळी घातली आणि टीव्हीवर यांचा घसा दाखवला. मला वाटलं होतं गाणाऱ्याचा घसा आतून काही वेगळा असेल. तसाच असतो, लाल.

स्वरयंत्रावर एका बाजूला पांढरं काही आहे. त्याचा बारीकसा तुकडा काढून तपासायचा. बाई म्हणाल्या, येत्या आठवड्यातच या. हे म्हणाले, बुधवारी गणपती बसतायत, सोसायटीत माझा कार्यक्रम आहे. बाई हसल्या नाहीत. "मग ११ सप्टेंबर. त्याच्या पुढं नको हं आजोबा."

तरुणपणापासून सिगारेटी ओढायचे. साठीला सोडल्या. ते सांगितलं तेव्हा बाईंनी लिहून घेतलं.

येताना यांनी मला मस्तानी पाजली. स्वतः नको म्हणाले, थंड टोचतं म्हणे.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

सोसायटीच्या गणपतीसमोर गायले! खुर्च्या पुरल्या नाहीत. बी विंगमधले ते कुलकर्णी, जे कधी कुणाला बरं म्हणत नाहीत, ते म्हणाले, "वाईट नव्हतं." मी तर तिथंच भरून पावले.

गाण्याच्या कंपनीतून पियुष आला होता. यांची गाणी तोच बाहेर आणतो. पोरगा चांगला आहे, कानात बाळी आहे पण वाकून नमस्कार करतो. यांना म्हणाला, "काका, काहीही करा पण तो आवाज साफ नका करू. लोकं रडतात त्याच्यावर." हे म्हणाले, "साफ करायला तो काय माठ आहे?" सगळे हसले.

मीपण हसले. मग वाटलं, याला कुणी सांगितलं का डॉक्टर बाईंचं? मी नाही सांगितलं.

७ सप्टेंबर, रविवार

काल विसर्जन झालं. आज कॅलेंडर बघते तर काय – ११ तारीख पितृपंधरवड्यात! आधी कसं माझ्या लक्षात नाही आलं!

यमुनेला फोन लावला. माझी धाकटी बहीण, इथं जवळच लोणी काळभोरला दिली आहे. ती तर ओरडलीच. "अक्के, येडी झालीस व्हय? पितरं चालल्यात अन् माणसाला हत्यार लावून घेतीस? पंधरा दिसांनी काय डोंगर पडतोय?"

आमच्या वडिलांचं ऑपरेशन पितरांतच झालं होतं. ते परत आले नाहीत. त्यांचं अपेंडिक्स फुटलं होतं हे खरं, पण पितरांतच ना.

यांना सांगितलं तर हसतील. कारखान्यात बॉम्ब भरलेला माणूस, याला कशाची भीती!

८ सप्टेंबर

दवाखान्यात फोन केला. मीच केला. २५ तारीख घेतली, घटस्थापनेनंतरची. तिथली मुलगी डॉक्टरांना विचारून आली आणि म्हणाली, "आजी, बाई म्हणतात फार लांबवू नका."

यांना म्हटलं, तिकडूनच फोन आला होता, तारीख पुढं गेली.

हे म्हणाले, "बरं."

१६ सप्टेंबर, मंगळवार

पेपरात फोटो! अर्धं पान! गिटार घेऊन गच्चीवर बसलेत, मागं माझी वाळत घातलेली गोधडी दिसते. चार अंक आणले. एक यमुनेला, एक केदारला, एक खडकीच्या जुन्या शेजारणीला. एक देवाजवळ ठेवला.

पेपरवाल्यानं लिहिलंय – या आवाजात आयुष्याचा गाळ आहे. गाळ म्हणजे काय चांगलं बोलला का वाईट, मला कळेना. हे म्हणाले, "चांगलं आहे, तू डाळ बघ."

भाकरी खात नाहीत हल्ली. दुधात कुस्करून दिली तरी अर्धी ठेवतात. कुर्त्याला दोन्ही बाजूंनी टीप घातली. बाकी बारीक झाल्यावर फोटोत बरे दिसतात.

दिवसभर बोलत नाहीत, आवाज राखून ठेवतात. हात करून पाणी मागतात. बावन्न वर्षांत पहिल्यांदा घरात भांडण नाही! कधी कधी मीच उगाच भांड्यांचा आवाज करते.

२३ सप्टेंबर, मंगळवार

पियुष पेढे घेऊन आला. दिवाळी पहाट! पाडव्याला, बागेत, एकट्या यांचंच नाव. आमच्या लग्नानंतर हे दुसऱ्यांच्या दिवाळी पहाटेला मागच्या रांगेत उभे राहून ऐकायचे. मला शाल धरायला लावून स्वतः बोटांनी ताल धरायचे. आता त्यांच्यासाठी लोक थंडीत उठून येणार!

तालीम २६ पासून. मी हिशेब घातला – बाईंनी सांगितलं होतं, तुकडा काढल्यावर दोन-तीन आठवडे गायचं नाही.

पियुष गेल्यावर हे पेढा हातात धरून बसले. खाल्ला नाही. म्हणाले, "परवा जाऊन येऊ या का गं? दवाखान्यात."

कसा आवाज निघाला! जिन्यावरून पोतं ओढल्यासारखा. मी त्यांच्याकडे बघितलं. तोंडावर भीती नव्हती असं मी म्हणणार होते, पण या वहीत कशाला खोटं लिहू.

मी म्हटलं, "अहो, त्यांचाच फोन आला होता सकाळी. बाई गावाला गेल्यात. २४ ऑक्टोबर दिलीय."

फोन मी त्यानंतर केला. ते अंघोळीला गेल्यावर.

अडतीस वर्षं वाट बघितली या माणसानं. एक महिना जास्त.

२४ सप्टेंबर

कल्याणीचा फोन. "दोनदा कशी पुढं जाते तारीख? दुसरीकडे दाखवा ना मग!" मी म्हटलं, तू तुझं काम बघ, मी आहे ना इथं.

५ ऑक्टोबर, रविवार

मानेला तेल लावत होते. डाव्या बाजूला, जबड्याच्या खाली, सुपारीएवढं काही लागलं. दाबलं तर दुखत नाही म्हणाले. गाऊन गाऊन शीर सुजली असेल. पैलवानांचे नाही का दंड सुजत.

उजवीकडे नाही लागलं काही.

११ ऑक्टोबर

टॉवेलवर लाल. हे म्हणाले पान खाल्लं होतं. आमच्या घरात पान नाही.

१५ ऑक्टोबर, बुधवार

चकल्या यंदा छान झाल्या, काटे सुरेख आले. यांना एक दिली. धरून ठेवली हातात, मग डब्यात परत ठेवली.

फोन हातात घेऊन दवाखान्याचा नंबर काढला होता. म्हटलं, उद्याच आणते. तेवढ्यात पियुष दारात – "काकू, तिकिटं संपली सगळी! पास पण संपले!" फोन ठेवला.

आठ दिवस तर राहिले. आठ दिवसांत काय होतंय.

२२ ऑक्टोबर, पाडवा

उजाडता उजाडता बागेत पोचलो. एवढी माणसं! तरुण पोरंपोरी नऊवारी नेसून, नाकात नथी घालून, आणि तोंडी यांची गाणी. मला पहिल्या रांगेत बसवलं. मी जांभळी पैठणी नेसले होते.

पाच गाणी झाली. माणसं रडत होती, पियुष म्हणाला तसंच. शेजारची मुलगी मला म्हणते, "आजी, किती लकी आहात तुम्ही!" मी मान हलवली.

शेवटी 'दुसरा चहा'. यांनी गिटार वाजवली, माईकजवळ आले, तोंड उघडलं – आणि लोकांनीच गायला सुरुवात केली. सगळी बाग! हे नुसते उभे. लोकांना वाटलं, आजोबा आपल्याला गाऊ देतायत. टाळ्या, शिट्ट्या. पियुष म्हणाला, "काय सोडलं काकांनी शेवटचं गाणं! कमाल!"

मी समोर बसले होते. मला दिसलं. त्यांनी तोंड उघडलं होतं, शीर ताणली होती, आणि काही आलं नाही. मग त्यांनी तोंड मिटलं आणि माझ्याकडे बघून हसले.

घरी आल्यावर ओवाळलं. यांनी ताटात साडी ठेवली. कधी आणली, कुणाबरोबर आणली, माहीत नाही. रंग माझ्या आवडीचा.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

बाईंनी नळी घातली. टीव्ही मला दिसू नये असा फिरवला. लगेच आणखी तपासण्या लिहून दिल्या, आजच्या आज करा म्हणाल्या. मग यांच्याकडे नाही, माझ्याकडे बघून विचारलं, "इतके दिवस का थांबलात?"

हे घोगऱ्या आवाजात म्हणाले, "दिवाळी होती."

३ नोव्हेंबर

कॅन्सर. केदारनं सांगितलं, मग बाईंनी पुन्हा सांगितलं. स्वरयंत्र पूर्ण काढावं लागणार. मानेला भोक राहणार, त्यातून श्वास. बोलणं नाही. केदारनं विचारलं, ऑगस्टात आलो असतो तर? बाईंनी आधी फाईल मिटली. म्हणाल्या, तेव्हा लहान दिसत होतं, कदाचित नुसत्या किरणांवर भागलं असतं, आता त्याचा विचार नका करू.

मी दुसरा कसला विचार करू?

पियुषचा मेसेज आला होता, अल्बमला बक्षीस आहे. केदारनं वाचून दाखवला नाही, मीच वाचला. हळू वाचते, पण वाचते.

९ नोव्हेंबर, रविवार

उद्या ऑपरेशन. आज आवाजाचा शेवटचा दिवस. मला वाटलं, गातील. कल्याणीनं फोनवर सांगितलं होतं, आजी, गायले तर रेकॉर्ड कर गं. मी फोन चार्ज करून ठेवला.

गायले नाहीत. सकाळी खाली जाऊन आमच्या जागेत गाडी लावणाऱ्याशी भांडले. "ही जागा तुमच्या आजोबांची आहे का? माझी आहे, मी आजोबा आहे!" घोगऱ्या आवाजात, पण चांगली पाच मिनिटं. वर आले ते खूश! मग मला गिझर कसा बंद करायचा, गॅसचा नंबर कुठल्या वहीत आहे, सगळं सांगत बसले. मला माहीत होतं सगळं. पुन्हा पुन्हा विचारलं तरी.

संध्याकाळी म्हणाले, "तुला काही विचारायचंय मला?"

मी म्हटलं, नाही.

"मला पण नाही," म्हणाले.

१९ नोव्हेंबर, बुधवार

कल्याणी आली. दवाखान्यातून थेट विचारून आली होती. "त्यांनी नाही ढकलल्या तारखा. दोन्ही वेळा घरून फोन गेला. कुणी केला?"

हे पलंगावर बसले होते, मानेला पट्टी. त्यांनी बोलण्यासाठी आणलेली पाटी ओढून घेतली आणि एकच अक्षर लिहिलं – मी.

कल्याणी त्यांच्यावर चिडून, रडत बाहेर गेली. मी तिथंच उभी होते. काही बोलले नाही.