चंदन उगाळण्याचा आवाज

॥ श्री ॥

डोंबिवली (पूर्व),
१ डिसेंबर २०२५

ती. काकूंस,
रसिकाचा सा. न. वि. वि.

फोन केला की तुम्ही खुशाल असल्याचं सांगून ठेवून देता आणि पत्र पाठवलं की दोन पानी उत्तर येतं. त्यामुळे पुतणीचा व्यवहार सरळ आहे, पत्रच लिहायचं.

बातमी अशी, की आपला भुताचा सिनेमा पुन्हा थिएटरला लागतोय. नऊ वर्षांपूर्वी आठवड्यात उतरलेला, पण पोरांनी मोबाइलवर बघून बघून त्याला नाव मिळवून दिलं. आमचा दिग्दर्शक अपूर्व आवाजाचं सगळं काम नव्याने करून घेतोय. संगीत माझं, म्हणून मलाही बोलावलंय. सोमवारी, आठ तारखेला, शेवटचा हात फिरवायचा.

तेव्हा तुम्ही मध्यंतरालाच उठून गेलेलात. मिठागरावरचा मेलेला म्हातारा पहाटे घरात येतो, त्या प्रसंगांना मी काकांच्या चंदन उगाळण्याचा आवाज लावलेला. देवघरातला आवाज भुताच्या हाती दिलास, असं तुम्ही म्हणालात. काका मात्र शेवटपर्यंत बसले आणि शेजारच्या अनोळखी गृहस्थांना हा हात आपला असल्याचं सांगत राहिले. पुन्हा संधी मिळाली तर तो आवाज काढून टाकीन, असा मी तुम्हाला शब्द दिलेला. काकांना जाऊन दीड वर्ष झालं. आता तरी शब्द पाळते.

गुडघ्याला तेल लावता ना? तुमचा नातू साईनाथ माझा हेर आहे, हे विसरू नका.

रागवायचा हक्क तुमचाच, पण लोभ मात्र उणा होऊ देऊ नका.

तुमची,
रसिका

॥ श्रीरामकृपा ॥

बाळकुम, ठाणे,
मार्गशीर्ष पौर्णिमा, शके १९४७
(४ डिसेंबर)

चि. रसिका हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र आज दुपारी पोचले. टपालावर भरवसा न ठेवता हे उत्तर शेजारच्या कल्पिताबरोबर पाठवीत आहे. ती नोकरीनिमित्त रोज डोंबिवलीस येते. मुद्दा आधी सांगते. तो आवाज काढू नकोस. काढला असलास तर होता तिथे परत ठेव.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघरात वाल सोलीत बसले होते. बाहेर साईनाथने टीव्ही लावला होता. इतक्यात सहाणेवर खोड फिरल्याचा आवाज आला. एक लांब ओढ आणि मागून एक अर्धवट, कारण यांचा उजवा खांदा दुखत असे. मी ताट बाजूला सारले, फुले घेऊन आलेच असे मोठ्याने म्हणाले आणि परडी घेऊन दारापर्यंत गेले. चपलेत पाय सरकवताना ध्यानात आले.

मला तशी उभी पाहून साईनाथ ओशाळला आणि टीव्ही बंद करू लागला. मी करू दिला नाही. खुर्ची ओढून बसले आणि नऊ वर्षांपूर्वी अर्धा सोडलेला तुझा चित्रपट पुरा पाहिला.

आपल्या रसशास्त्रात भयानकाच्या मुळाशी भय असते आणि करुणाच्या मुळाशी शोक. मी तुझे संगीत भयानकाच्या तराजूत घातले आणि अभद्र ठरवून मोकळी झाले. जिवंत माणसे जमिनीवरून भांडतात तेव्हा तू सगळी वाद्ये वाजवली आहेस, ताशासुद्धा. म्हातारा येतो तेव्हा मात्र तंबोऱ्याची एक तार आणि ती सहाण, बाकी काही नाही. तो कुणाला छळायला येत नाही गं. आपल्यामागे घरचे देव पारोसे राहतील, या काळजीने येतो. चित्रपटात हे कुणी बोलत नाही. तुझे संगीतच बोलते. त्याची सून घाबरून पळते. मी तर तिच्याही आधी पळाले होते.

हल्ली पूजा साईनाथ करतो. बाजारच्या डबीतले गंध लावतो, पण मनापासून लावतो, म्हणून मी बोलत नाही. यांची छायाचित्रे घरात पुष्कळ आहेत. यांचा हात मात्र कुठे राहिलेला नाही. तो तेवढा तुझ्या भुतापाशी आहे.

दिलेला शब्द पाळावा, हा धर्म खराच. पण ज्याला शब्द दिला त्यानेच मोकळे केले, तर मोडणाऱ्याला दोष लागत नाही. मी तुला मोकळे करीत आहे.

ईश्वर तुला यश देवो. उत्तर कल्पिताजवळच दे.

तुझी काकू,
विमल

॥ श्री ॥

डोंबिवली,
६ डिसेंबर

ती. काकूंस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी रडले आणि मग स्टुडिओत धावले. आवाज मी बुधवारीच काढलेला, आणि त्या जागी मशीनवर केलेली एक खरखरही बसलेली. ती काढून काकांना परत आणलं. मूळ रेकॉर्डिंग जुन्या कॉम्प्युटरबरोबर गेलं, त्यामुळे सिनेमात आहे तेवढंच उरलंय.

पण अडचण संपलेली नाही. निर्मात्यांचं म्हणणं, की हा आवाज फार बारीक आहे, आताच्या मोठ्या थिएटरात कुणाला कळायचा नाही. एकतर तो दुप्पट मोठा करा, नाहीतर मशीनची खरखर ठेवा. अपूर्व मनाने माझ्या बाजूचा आहे, पण त्यांच्यापुढे त्याचं काही चालत नाही. मोठा करून पाहिला तर कुणी लाकूड कापतंय असं वाटतं. तरी निदान राहील तरी, असंही मनात येतं. काम मी बुधवारपर्यंत लांबवलंय. हात काकांचा, तेव्हा तुम्ही सांगाल तसं.

उत्तराची वाट बघतेय. माया असू द्या.

रसिका

॥ श्रीरामकृपा ॥

बाळकुम,
संकष्टी, ७ डिसेंबर

चि. रसिका हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मोठा करू नकोस. त्यापेक्षा काढून टाक. मी तुला बोल लावणार नाही. देवाला ऐकू जावे म्हणून कुणी चंदन जोराने उगाळीत नाही.

पण काढण्याआधी एक करून पाहा. माझे वडील कीर्तनाला उभे राहत तेव्हा मागे बसलेली माणसे ऐकू येत नाही म्हणून तक्रार करीत. वडील त्यावर आवाज चढवीत नसत. मृदंगवाल्याला हाताने थांबवीत आणि पुढचे वाक्य आणखी हळू म्हणत. सगळी माना पुढे काढून ऐकत. म्हातारा येण्याआधी तू वारा, कुत्री, पाण्याची खळखळ असे किती काही भरले आहेस. ते सगळे गप्प कर. ती तंबोऱ्याची तारही थांबव. मग निर्मात्यांना ऐकव आणि त्यांच्या मानांकडे पाहा.

जे होईल ते कळव. न जमले तरी तू माझी लाडकीच आहेस.

तुझी काकू,
विमल

॥ श्रीरामकृपा ॥

बाळकुम,
पौष वद्य सप्तमी, १० जानेवारी २०२६

चि. रसिका हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल चित्रपटगृहात तू पुढच्या रांगेत तुझ्या मंडळींत होतीस आणि नंतर तुला माणसांनी घेरले, म्हणून बोलणे झाले नाही. ते आता लिहिते.

निर्मात्यांनी मान्य केले हे तुझ्याकडून कळले होतेच, तरी तो प्रसंग जवळ आला तशी मी खुर्चीच्या कडेला सरकून बसले. वारा थांबला, पाणी थांबले, तार थांबली. माझ्या शेजारच्या मुलीने खाण्याचा कागदी डबा हळूच खाली ठेवला, तेवढाही आवाज ऐकू आला. आणि मग यांनी उगाळायला सुरुवात केली. होते तसेच, हलक्या हाताने. ती मुलगी तिच्या आईला बिलगली. साईनाथने माझा हात धरला. मला धीर द्यायला की स्वतःला, ते त्याने सांगितले नाही.

तुला वाटत असेल की काकू रडली असेल. मीही तीच तयारी ठेवून गेले होते. पण तुला ठाऊक आहे, पूजा झाल्याखेरीज आपल्या घरी कुणी अन्नाला शिवत नाही. इतकी वर्षे सहाणेचा आवाज थांबला की मी पाने मांडायला घेत असे. काल तो थांबला आणि मला कडकडून भूक लागली. हे गेल्यापासून जेवते ते वेळ झाली म्हणून. भूक अशी लागली नव्हती. बाहेर पडताच साईनाथला म्हटले, मला काहीतरी गरम खायला घाल. दोन वडे खाल्ले, आणि तिसरा त्याच्या कागदातला.

रविवारी जेवायला ये. वालाचे बिरडे करीन. आशीर्वाद आहेतच, ते घ्यायला प्रत्यक्ष यावे.

तुझी काकू,
विमल